ग्रानाडाहून एका दिवसात खेड्यातला स्पेन पाहायचाय, कुठे जाऊ?

नकाशावाली (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार मंडळी. मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. सप्टेंबरपासून एक सेमिस्टर ग्रानाडाला जातेय, दक्षिण स्पेनमध्ये. माद्रिद आणि बार्सिलोना मोठ्या सुट्टीत होईल. पण एक रविवार तरी मला खेड्यात घालवायचाय. शेतं कशी आहेत, घरं कशानं बांधलीत, माणसं दिवसभर काय करतात, हे बघायचंय.

तिथल्या विद्यार्थ्यांसाठी एका दिवसाची बसटूर असते असं कळलं. रोंदा आणि आसपासची पांढरी गावं, चार ठिकाणं, सकाळी सातला निघून रात्री परत. ती घ्यावी की आपलं आपण जावं? मी शाकाहारी आहे, अंडं चालतं. स्पॅनिश कामापुरतं येतं. चालायची सवय आहे, सिंहगड नेहमी चढते. बजेट विद्यार्थ्याचं. आणि आईचं म्हणणं, अनोळखी डोंगरात एकटीनं जायचं नाही. तिचं समाधान होईल असंही काही सांगा.

सुलभाकाकू (कोथरूड)

अगं, टूर घे की. माझी लेक सेव्हिलला शिकत होती तेव्हा आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा रोंदा पाहिलं. गावाच्या मधोमध खोल दरी आणि तिच्यावर दगडी पूल, जवळजवळ शंभर मीटर उंच. १७५१ मध्ये काम सुरू झालं आणि १७९३ मध्ये पुरं झालं. तू आर्किटेक्चरची, तुला तो पूल बघायलाच हवा. जवळच्या सेतेनील गावात तर प्रचंड कातळाच्या पोटाखाली घरं आहेत, डोक्यावर छप्पर म्हणजे तो कातळच. सोबतीला मुलंमुली असतील, आईलाही घोर नाही.

पुरंदरची अंजीर (सासवड, सध्या पुणे)

सुलभाकाकूंनी सांगितलेला पूल खरंच बघण्यासारखा आहे, पण तुझा प्रश्न वेगळा आहे. तुला शेत बघायचंय, घर बघायचंय, माणूस काय करतो ते बघायचंय. चार गावांच्या टूरमध्ये पार्किंग, फोटो आणि दुकानं एवढंच पदरात पडतं. टूर नको घेऊस. अल्पुहाराला जा.

मी पर्यावरणशास्त्राच्या एका सेमिस्टरसाठी ग्रानाडाला होते, फेब्रुवारी ते जून. अल्पुहारा म्हणजे सिएरा नेवादाची दक्षिण उतरण. वर मुलासेन, ३,४७९ मीटर, स्पेनच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच शिखर. खाली समुद्र. मधल्या उतारावर गावं. त्यातली पांपानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावं पोकेइरा नावाच्या एकाच दरीच्या काठावर एकावर एक बसलीत. पांपानेइरा साधारण १,०५० मीटरवर, कापिलेइरा १,४३० च्या आसपास. ग्रानाडाच्या बसस्टँडवरून सरळ बस मिळते, लान्हारोन आणि ओर्हिवा करत जाते, वर पोचायला दोन-अडीच तास लागतात. गाड्या दिवसातून मोजक्याच आणि परतीची शेवटची लवकर सुटते, म्हणून वेळापत्रक आदल्या दिवशी बघ. सणाच्या दिवशी ते बदलतं. १२ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर या तिथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत हे लक्षात असू दे.

शेवटच्या गावापर्यंत, म्हणजे कापिलेइरापर्यंत बसनं जा आणि खाली चालत ये. बहुतेक लोक पांपानेइरालाच उतरतात, तिथे गर्दी असते, आणि मग वर चढायचा कंटाळा करतात. उतरताना शेतांमधून पायवाट आहे, खांबांवर आणि दगडांवर रंगाच्या पट्ट्या मारलेल्या आहेत. तीन गावं मिळून चालणं थोडंच आहे, तुझ्यासारखीला दोन तास पुष्कळ झाले. पण दोन तासांत उरकू नकोस. दिवस आहे हातात.

आता मी तुला का पाठवतेय ते सांगते. गावात शिरण्याआधी कापिलेइराच्या वरच्या अंगाला थोडं चढून जा आणि पाण्याचा पाट शोध. आसेकिया म्हणतात त्याला. दोन हात रुंद, मातीत खोदलेला, डोंगराच्या कडेकडेनं जवळजवळ सपाट जाणारा. मुसलमानी राजवटीत, साधारण हजार वर्षांपूर्वीपासून, बर्फाचं पाणी असं वळवून वळवून गावागावात आणलंय. ग्रानाडाचं राज्य १४९२ मध्ये गेलं. १५६८ मध्ये तिथल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे धर्मांतर करायला लावलेल्या मुसलमानांनी उठाव केला, तो १५७१ पर्यंत चिरडला गेला आणि सगळ्यांना तिथून हाकललं. उत्तरेकडून नवीन शेतकरी आणून वसवले. माणसं बदलली, पण पाट तेच राहिले, कारण त्यांच्याशिवाय त्या उतारावर काही पिकणंच शक्य नाही.

मी पाहिलेलं सांगते. मे महिना होता. पाटाच्या कडेला एक म्हातारेबाबा हातात कुदळ घेऊन उभे. पाटाच्या बांधात एक चपटा दगड उभा खोचलेला होता, फटीत गवताची ढेकळं आणि एक जुनं गोणपाट. त्यांनी ढेकळं काढली, दगड उपसला आणि पाणी खालच्या बटाट्याच्या तुकड्यात सोडलं. मग कुदळीनं एकेका सरीचं तोंड उघडत आणि मागचं बुजवत ते खाली उतरत गेले. सारखे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. वेळ झाली तसे वर आले, दगड जागेवर बसवला, ढेकळं दाबली आणि बुटाच्या टाचेनं चिखल ठोकून काढला. मी आजोबांबरोबर लहानपणापासून रात्री-अपरात्री दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीत वळवायला गेलेली मुलगी आहे. मला कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. मी विचारलं, पुढची पाळी कुणाची? त्यांनी खालचं एक घर दाखवलं आणि मला विचारलं, तुमच्याकडे पाणी बर्फाचं की पावसाचं? पावसाचं म्हटलं, चार महिने पडतं आणि मग नाही. ते म्हणाले, मग तुम्हाला जास्त सांभाळावं लागत असेल. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, हे त्यांना सांगायला शब्द होते माझ्याकडे, पण जीभ वळली नाही.

त्या पाटांची खरी गंमत आणखी वर आहे. काही पाट शेताला पाणी द्यायला नाहीतच. बर्फ वितळायला लागलं की ते पाणी मुद्दाम अशा जागी नेऊन सोडतात जिथे जमीन ते पिऊन टाकते. ते डोंगराच्या पोटात मुरतं, हळूहळू खाली सरकतं आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, गावाजवळच्या झऱ्यांतून बाहेर येतं, ऐन उन्हाळ्यात, वरचं बर्फ संपलेलं असताना. कारेओ म्हणतात या पद्धतीला. धरण नाही, पंप नाही. मधल्या काळात माणसं शहरात गेली तसे पुष्कळ पाट बुजले. २०१४ पासून ग्रानाडा विद्यापीठातले अभ्यासक तिथल्या शेतकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना घेऊन बुजलेले पाट पुन्हा मोकळे करतायत. तू त्याच शहरात असशील, विभागात चौकशी कर. एक दिवस कुदळ हातात घेतलीस तर टूरपेक्षा कितीतरी जास्त समजेल.

आईला सांग, दरी ओलांडायची नाही आणि गावं जोडणाऱ्या वाटेवरूनच चालायचं, एवढं पाळलं तर वस्ती कुठेच लांब नाही. रविवारी वाटेवर माणसं असतात. तरी एखादी मैत्रीण बरोबर घे. घरमालकिणीला कुठे जातेयस ते सांगून निघ आणि ११२ हा आणीबाणीचा नंबर फोनमध्ये ठेव.

निवृत्त पाटबंधारे (सहकारनगर)

पुरंदरच्या ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नोकरीची बरीच वर्षं कालव्यांवर काढली, त्यामुळे राहवलं नाही म्हणून लिहितो.

हे सगळं आपल्याकडेही होतं आणि काही ठिकाणी अजून आहे. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. शेतकऱ्याची जमीन साधारणपणे प्रत्येक फडात थोडी थोडी असते. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ सगळ्यांना सारखी बसते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांचा मेहनताना गावानं द्यायचा. सरकारी कालव्यावर मी पाण्यावरून डोकी फुटलेली पाहिली आहेत. फडावर भांडणं व्हायची, पण मिटवायला गावच असायचं. पाणी कुणाच्या ताब्यात आहे यापेक्षा पाळी कोण ठरवतं, याला जास्त महत्त्व आहे असं माझं ठाम मत झालंय. आपण ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ भिंतींवर रंगवलं. अडवण्यासाठी पुष्कळ खर्च केला. जिरवण्याची जागा निवडायला डोंगर पायाखालचा असावा लागतो, आणि तो ज्यांच्या पायाखालचा होता त्यांना फारसं कुणी विचारलं नाही.

नकाशावाली, तू पुण्याची आहेस म्हणून एक सुचवतो. जाण्याआधी कात्रजच्या तलावावर जाऊन ये. नानासाहेब पेशव्यांच्या काळात तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून बांधीव नळ आणला आणि पेठांमधल्या हौदांना पाणी दिलं. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले, हवा निघून जावी आणि दाब आटोक्यात राहावा म्हणून. मग ग्रानाडात आलाम्ब्रा, म्हणजे टेकडीवरचा मुसलमान राजांचा राजवाडा, बघशीलच. तेराव्या शतकात तिथल्या सुलतानानं, पहिल्या मुहम्मदानं, दारो नदीचं पाणी सुमारे सहा किलोमीटर वरून पाट काढून त्या टेकडीवर नेलं, त्यामुळेच तिथे राजवाडा आणि बागा उभ्या राहू शकल्या. शेजारच्या हेनेरालिफे या बागेतल्या महालात, लांबट हौदाच्या चौकात कारंजी पाहून लोक पुढे जातात. त्या चौकातून जातो तो हाच पाट. दोन्ही कामं गुरुत्वाकर्षणावर चालणारी, उतार किती द्यायचा हे जाणणाऱ्या माणसांची. उतार जास्त झाला तर पाणी पाट कापत जातं, कमी झाला तर गाळ बसतो.

ताईंना एक विचारायचं होतं. ते पाट मातीचेच ठेवलेत की काँक्रीट केलंय? गळती किती होते?

पुरंदरची अंजीर

काका, नेमका प्रश्न विचारलात. काही ठिकाणी सिमेंट केलंय, काही ठिकाणी पाइप घातलेत. पण जिथे माती आहे तिथे पाटाच्या खालच्या अंगाला चेस्टनटची आणि ओकची झाडं ओळीनं उभी दिसतात. ती त्या गळतीवरच जगतात. लांबून डोंगराकडे बघितलं की हिरवी रेघ दिसते, ती रेघ म्हणजे पाट. पाइप घातला की ती झाडं सुकतात आणि खालचे झरेही कमी होतात, असं तिथले शेतकरीच सांगतात. तुमच्या हिशेबात ती गळती तूट असेल, तिथे ती अर्ध्या डोंगराची पोशिंदी आहे.

निवृत्त पाटबंधारे

मान्य. आम्ही अस्तरीकरणाचे, म्हणजे कालव्याला आतून पक्का थर देण्याचे, अंदाजपत्रक करताना विहिरींना होणारा पाझर तुटीतच धरायचो. कालव्यालगतच्या विहिरी त्याच पाझरावर भरायच्या, हे सगळ्यांना माहीत असूनही.

नकाशावाली

बापरे, इतकं सगळं! आईला वाचून दाखवलं. मैत्रीण बरोबर असेल तर चालेल म्हणाली. अल्पुहाराच ठरलं. सुलभाकाकू, रोंदा पुढे सुट्टीत नक्की करेन, पुलासाठीच.

पुरंदरच्या ताई, अजून तीन गोष्टी. ऑक्टोबर बरा की नोव्हेंबर? खायचं काय? आणि घरांबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत!

पुरंदरची अंजीर

ताई म्हण, पण अहो-जाहो नको गं. तुझ्याहून फार मोठी नाहीये मी.

घरांचं सांगते. तिथल्या घरांना कौलं नाहीत, उतरतं छप्पर नाही, सगळी धाबी. बाकी दक्षिण स्पेनमध्ये लाल कौलं दिसतात, इथे मात्र सपाट, जशी समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या डोंगरात आहेत. चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यावर चपट्या दगडाच्या लाद्या, आणि वर लाउना नावाची निळसर करडी माती. ही माती ओली झाली की फुगून घट्ट बसते आणि पाणी आत येऊ देत नाही. जुनी माणसं म्हणतात, ती उतरत्या चंद्राला पसरायची, नाहीतर छप्पर गळतं. माळवदाचं घर पाहिलंयस ना? सोलापूरकडे पांढरी माती घालतात ते. तेच तंत्र, तीच दरवर्षी वर चढून माती सारखी करायची कटकट. त्यामुळे आता खाली स्लॅब किंवा प्लास्टिक घालून वर नुसती लाउना पसरलेली घरंही आहेत. तू बारकाईनं बघशील तर छपराच्या कडेला पुढे आलेल्या दगडांवरून खरं जुनं ओळखता येईल.

उतार इतका आहे की एकाचं धाबं दुसऱ्याच्या दाराच्या पातळीला येतं. पूर्वी त्यावर अंजीर, मिरच्या, मका वाळत घालायचे. आमच्या पुरंदरला अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, पण आम्ही ती ताजीच विकतो आणि दोन दिवसांत माल नरमला की भाव पडतो. तिथे धाब्यावर वाळवलेली अंजीर बघून मी घरी फोन केला होता. गल्लीवरून दोन घरं जोडणारा खोलीसारखा भाग असतो, तिनाओ म्हणतात. खालून रस्ता, वर घर. उन्हाचा, बर्फाचा आडोसा. त्याची मापं घे, तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडतील. चिमण्या गोल, पांढऱ्या, वर चपटा दगड ठेवलेला. गावाबाहेर, वारा लागेल अशा कडेवर, दगडी फरसबंद गोल खळी आहेत. आता मळणी होत नाही, पण दगड अजून जागच्या जागी आहेत. तिथे बसून डबा खा.

डबा म्हटलं, कारण खाण्याचं जरा जपून. त्या डोंगरात हॅम वाळवतात, दुकानात वर बघितलंस की डुकराच्या तंगड्या टांगलेल्या दिसतील, वासही असतो. आधीच मनाची तयारी ठेव. ‘मांस नको’ एवढं म्हणून भागत नाही, हॅमचे तुकडे बऱ्याच जणांना मांसात धरावेसे वाटत नाहीत. ‘सिन हामोन, सिन चोरिसो, सिन आतून’, म्हणजे हॅम नको, डुकराचं सॉसेज नको, टूना मासा नको, असं एकेक नाव घेऊन सांग. ‘पातातास आ लो पोब्रे’ माग, म्हणजे ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेले बटाटे, कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची, वर अंडं घालून देतात. आणि वांग्याचे तळलेले काप ‘मिएल दे कान्या’ घालून मिळाले तर सोडू नकोस. ती चक्क काकवी आहे. भारतातला ऊस अरबांबरोबर इराण, इजिप्त करत तिथे पोचला. ग्रानाडा प्रांताच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं ऊस पिकला. तिथला शेवटचा साखर कारखाना २००६ मध्ये बंद झाला. वांगं आणि काकवी एकत्र खाऊन मी उठले ते आईला करून दाखवायचं ठरवूनच.

जेवणाची वेळ दुपारी दोन ते चार. साडेचारला गेलीस तर स्वयंपाकघर बंद. गावातल्या दगडी कारंज्यांवर बाटली भरून घे, पण ‘नो पोताब्ले’ लिहिलं असेल तिथे नाही.

महिना म्हणशील तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. चेस्टनट पिवळे होतात, फळं खाली पडतात, आणि शेतात माणसं असतात. सप्टेंबरात ऊन फार असतं. वरचे मुरवणीचे पाट मात्र तेव्हा कोरडे असतील, ते वसंतातच वाहताना दिसतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे त्यानंतर सहा-साडेसहाला अंधार. दरीत तर ऊन आधीच जातं. त्या हिशेबानं पाच वाजता बसथांब्याजवळ असायचं.

निवृत्त पाटबंधारे

सुट्टीत बार्सिलोनाला जाताना वाटेत वालेन्सिया लागलं तर गुरुवारी थांब. कॅथेड्रलच्या दारात दर गुरुवारी दुपारी बाराला पाण्याचं न्यायालय भरतं. आठ पाटांचे शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे डगले घालून बसतात, तक्रारी तोंडी ऐकतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. युनेस्कोनं २००९ मध्ये त्याची नोंद घेतली. तक्रार नसेल तर काही मिनिटांत उठतात, म्हणून पावणेबारालाच जाऊन उभी राहा. आणि आल्यावर त्या पाटांचे फोटो इथे टाक. मला उतार बघायचाय.

नकाशावाली

काका, फोटोबरोबर मोजमापंही टाकते. लेव्हल घेऊन जाणार आहे. ताई, कात्रजच्या तलावावर या शनिवारी मी आणि एक मैत्रीण जातोय. उच्छ्वास कुठे कुठे शिल्लक आहेत, कुणाला माहीत असेल तर लिहा.